‘भाव काय?’ एवढंच विचारू नका

संक्रांतीच्या कार्यक्रमानंतरची गोष्ट. नाटक संपलं होतं, तिळगूळ वाटून झाला होता, बायका हळदीकुंकवात आणि मुलं हॉलच्या मागे बास्केटबॉलमध्ये दंग होती. आम्ही पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे खुर्च्या भिंतीशी रचायचं निमित्त करून गप्पा ठोकत उभे होतो. तेवढ्यात एक काका आले. पुण्यात बँकेत पस्तीस वर्षं नोकरी करून आता मुलाकडे ह्यूस्टनला कायमचे राहायला आलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “काय रे, तू तेलवाल्यांच्यातला ना? मग मला एक सांग. पेपरात तेलाचा एक भाव असतो, टीव्हीवर खालच्या पट्टीत दुसराच पळत असतो, आणि पंपावर तिसराच लागतो. ह्यातला खरा कुठला?”

मी म्हटलं, “काका, कुठलं तेल? कुठल्या गावातलं? आणि कुठल्या महिन्याचं?”

“अरे, प्रश्न मी विचारतोय की तू?” काका वैतागले. आजूबाजूचे हसले. विषय तिथेच संपला.

पण घरी येताना गाडीत मला वाटत राहिलं की मी टाळाटाळ केली नव्हती. काकांच्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच ते तीन प्रश्न आहेत, आणि त्यात चौथा एक मिसळायला हवा: धोका कोणाचा? हे चार प्रश्न मला कॉलेजात कुणी शिकवले नाहीत. इथे एम.एस. केलं, मग गॅसच्या कॉम्प्रेसरांवर आणि पाइपलाइनींवर वीसेक वर्षं काम केलं, तरीही नाही. ते शिकायला मला आठ हजार डॉलर फी पडली, आणि तीही लेकीच्या कॉलेजच्या पैशांतून. ती कथा पुढे येईलच. आपल्या मंडळातली निम्मी घरं या ना त्या नात्यानं तेलावर जगतात. भाव पडला की पॉटलकमध्ये कुणाची नोकरी गेली याची कुजबुज सुरू होते. २०१५-१६ मध्ये आपण ते पाहिलं, २०२० मध्ये पुन्हा पाहिलं. मग त्या भावाची भाषा निदान समजून तरी घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न: कुठलं तेल?

आपण ‘तेल’ म्हणतो, पण जमिनीतून निघणारं तेल हे तांदळासारखं आहे. आंबेमोहोर वेगळा, कोलम वेगळा, आणि रेशनचा वेगळा. पातळ तेलाला ‘लाइट’ म्हणतात, कारण त्यातून पेट्रोल-डिझेल जास्त आणि सोप्या रीतीनं निघतं. गंधक कमी असलेल्याला ‘स्वीट’ म्हणतात, गंधक जास्त असेल तर ‘सावर’. गंधक काढायला रिफायनरीत खर्च येतो, म्हणून गोड तेल बहुधा महाग.

आता जगात तेलाच्या शेकडो जाती. प्रत्येकीचा रोज स्वतंत्र भाव ठरवत बसणं शक्य नाही. म्हणून दोन-चार जाती ‘बेंचमार्क’ म्हणजे मापदंड मानल्या जातात, आणि बाकीच्यांचा भाव ‘अमुक बेंचमार्कपेक्षा इतके डॉलर वर किंवा खाली’ असा सांगतात. अमेरिकेतला मापदंड म्हणजे वेस्ट टेक्सास इंटरमीडिएट, ज्याला सगळे डब्ल्यूटीआय म्हणतात. उत्तर समुद्रातला म्हणजे ब्रेंट. शेल कंपनीनं तिथल्या आपल्या तेलक्षेत्रांना पाणपक्ष्यांची नावं दिली होती, आणि ब्रेंट ही बदकाच्या कुळातल्या हंसाची एक जात आहे. मूळ ब्रेंट क्षेत्रातलं तेल आता आटलं. आजचा ‘ब्रेंट’ भाव पाच-सहा तेलांच्या टोपलीतून ठरतो, आणि २०२३ पासून त्या टोपलीत आपल्या टेक्सासच्या मिडलंडचं तेलही आहे. नाव सायबाचं, माल आपला!

मोजमापाचंही असंच. पिंप म्हणजे बॅरल, त्यात ४२ गॅलन, म्हणजे सुमारे १५९ लिटर. हा ४२ चा आकडा लक्षात ठेवा, फार उपयोगी आहे. पिंपामागे एक डॉलर म्हणजे गॅलनमागे साधारण २.४ सेंट. तेल दहा डॉलरनं उतरलं तर पंपावर पंचवीसेक सेंटची अपेक्षा ठेवावी, एक डॉलरची नाही. पंपावरच्या भावात रिफायनरीचा खर्च-नफा, वाहतूक, दुकानदाराचे पैसे आणि कर असतात. केंद्राचा कर गॅलनला १८.४ सेंट, टेक्सासचा २० सेंट. तेल फुकट मिळालं तरी हे द्यावेच लागतात.

रिफायनरीचा हिशेब ‘क्रॅक स्प्रेड’ या नावानं करतात. तीन पिंपं कच्चं तेल घेतलं, दोन पिंपं पेट्रोल आणि एक पिंप डिझेल काढलं, असं ढोबळ गृहीत. समजा, कच्चं तेल ७० डॉलर, पेट्रोल गॅलनला २.२० आणि डिझेल २.४० (हे घाऊक भाव, कर सोडून). पिंपाचा भाव काढायला ४२ नं गुणा: पेट्रोल ९२.४०, डिझेल १००.८०. दोन पेट्रोलची आणि एका डिझेलची मिळून २८५.६०. त्यातून कच्च्या तेलाचे २१० वजा केले, राहिले ७५.६०. तिघांत वाटले की पिंपामागे २५.२०. हा झाला क्रॅक स्प्रेड. कच्चं तेल स्वस्त होऊनही पेट्रोल महाग राहतं, तेव्हा बहुधा कुठेतरी रिफायनऱ्या बंद पडलेल्या असतात आणि हा आकडा फुगलेला असतो.

गॅसचं माप आणखी विचित्र. एमएमबीटीयू. मीटर-किलोग्रॅममध्ये शिकलेल्या आम्हा इंजिनिअरांचा जीव इथे आल्यावर या शब्दानं मेटाकुटीला आला. बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागणारी उष्णता. एम म्हणजे रोमन आकड्यातला हजार, आणि दोन एम म्हणजे हजार हजार, म्हणजे दहा लाख. घरच्या गॅसच्या बिलात ‘थर्म’ असतो, तो याचा दहावा भाग. झालं, एवढंच.

दुसरा प्रश्न: कुठे?

आंब्याची पेटी देवगडला एका भावानं मिळते आणि वाशीच्या मार्केटात दुसऱ्या. मधला फरक ट्रकचा, हमालीचा, वाटेतल्या नासाडीचा. आणि ऐन मोसमात ट्रकच मिळाला नाही, तर वाशीत भाव तेजीत असूनही बागेतला आंबा मातीमोल होतो. ऊर्जेच्या बाजारात या फरकाला ‘बेसिस’ म्हणतात. हा शब्द पेपरात क्वचित येतो, पण माझ्या धंद्यात रोजचा आहे.

अमेरिकेत गॅसची ‘वाशी’ म्हणजे हेन्री हब. लुइझियानातल्या ईराथ नावाच्या गावाजवळ बऱ्याच पाइपलाइनी एकत्र येतात, ती ही जागा. टीव्हीवर गॅसचा भाव म्हणून जो आकडा दिसतो तो बहुधा इथला. पश्चिम टेक्सासात वाहा नावाचं दुसरं ठिकाण आहे. हेन्री हबला ३ डॉलर असताना वाहाला १ डॉलर असेल, तर वाहाचा बेसिस उणे २ डॉलर.

पण वाहाचा भाव नुसता कमी होत नाही, शून्याच्या खाली जातो. २०१९ मध्ये गेला होता, आणि २०२४ मध्ये तर वर्षातले कितीतरी दिवस खाली होता. कारण असं की तिथे माणसं विहिरी खणतात तेलासाठी, गॅस त्याच्याबरोबर आपोआप येतो. तेल हवं असेल तर गॅस थांबवता येत नाही. पाइपलाइनी भरलेल्या, जाळायला सरकारी मर्यादा. मग तेलवाला म्हणतो, “बाबा, पैसे मीच देतो, पण हा गॅस घेऊन जा.” कामानिमित्त तिकडे जायचो तेव्हा रात्री क्षितिजावर पेटलेल्या ज्वाला पाहून मला चमत्कारिक वाटायचं. सहाशे मैलांवर इथे लोक घर गरम ठेवायला पैसे मोजतात, आणि इथे त्याच गॅसला कुणी विचारत नाही. जिन्नस तोच. जागा वेगळी, म्हणून भाव वेगळा.

तिसरा प्रश्न: केव्हाचं?

राजापूरजवळ आमची हापूसची पंचवीसेक कलमं होती. पौष-माघात मोहर आला की व्यापारी यायचा, बागेतून फिरायचा, मोहर बघायचा आणि आकडा सांगायचा. घासाघीस व्हायची आणि आजोबा बाग मक्त्यानं देऊन टाकायचे. पैसे ठरलेले. पुढे धुकं पडून मोहर गळला तर नुकसान व्यापाऱ्याचं, आणि आंबा लगडला तर फायदाही त्याचाच. मी एकदा विचारलं होतं, “आजोबा, मे महिन्यात विकले असते तर जास्त नसते का मिळाले?” ते म्हणाले, “मिळाले असते कदाचित. पण मला चार महिने रात्री झोप लागली, तिचे किती धरशील?”

वित्तीय बाजारातल्या ‘हेज’ या शब्दाची याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही. हेज म्हणजे कुंपण. कुंपण पीक वाढवत नाही, गुरं आत येऊ देत नाही एवढंच.

आज माल, आज पैसे, हा ‘स्पॉट’ भाव. आपल्याकडे त्याला हजर भाव म्हणतात. पुढच्या एखाद्या महिन्यात माल द्यायचा-घ्यायचा, पण भाव आज ठरवायचा, हा ‘फ्यूचर्स’. त्याला आपला शब्द आहे वायदा, आणि तो इंग्रजी शब्दापेक्षा बोलका आहे, कारण वायदा म्हणजे वचन. मुंबईत कापसाचे संघटित वायदे १८७५ पासून चालत. तेव्हा आपल्याला हा प्रकार कुणी परक्यानं परवा शिकवला असं समजायचं कारण नाही.

न्यूयॉर्कचं नायमेक्स, जिथे डब्ल्यूटीआयचे वायदे होतात, ते मुळात १८७२ साली लोणी-चीजच्या व्यापाऱ्यांनी काढलं. पुढे तिथे बटाट्याचे वायदे फार चालले. १९७६ मध्ये मेन राज्याच्या बटाट्यांच्या वायद्यात विकणाऱ्यांनी मालच दिला नाही आणि बाजाराची पार अब्रू गेली. तेव्हा नवा जिन्नस शोधणं भाग पडलं. १९८३ च्या मार्चमध्ये कच्च्या तेलाचे वायदे सुरू झाले, १९९० मध्ये हेन्री हबच्या गॅसचे. टीव्हीवरच्या पट्टीत पळतो तो हाच वायद्याचा भाव, तोही बहुधा सर्वांत जवळच्या महिन्याचा. त्याला ‘फ्रंट मंथ’ म्हणतात. म्हणजे काका, तुमचा टीव्हीवरचा आकडा ‘आजचा भाव’ नसतोच मुळी!

आजोबांच्या मक्त्यात आणि वायद्यात फरक एवढाच की वायद्यात सगळं साच्यातलं असतं. डब्ल्यूटीआयचा एक वायदा म्हणजे १,००० पिंपं, ठराविक प्रतीचं तेल, ठराविक महिना आणि ठराविक गाव. सगळं सारखं असल्यामुळे तो कागद तुम्ही मुदतीआधी तिसऱ्याला विकू शकता. बहुतेक लोक तेच करतात. तेल कुणी बघतही नाही.

आता एक जोडी, जिनं माझे पैसे बुडवले. पुढच्या महिन्यांचे भाव जवळच्या महिन्यापेक्षा चढे असतील तर बाजार ‘कॉन्टँगो’त आहे म्हणतात. उतरते असतील तर ‘बॅकवर्डेशन’. नावं ऐकून नाचाचे प्रकार वाटतात. पण काकांसारख्या, मुंबईचा शेअरबाजार जवळून पाहिलेल्या मंडळींना हे लगेच कळेल. २००१ मध्ये सेबीनं बंद करेपर्यंत तिथे ‘बदला’ चालायचा. सौदा पुढच्या खेपेला ढकलायचा असेल तर घेणाऱ्यानं पैसे मोजायचे तो सीधा बदला, आणि विकणाऱ्यावर मोजायची पाळी आली तर उंधा बदला. कॉन्टँगो हा सीध्या बदल्याचा भाऊ, बॅकवर्डेशन उंध्याचा. माल मुबलक असेल तर तो साठवायला टाकीचं भाडं लागतं, पैशाचं व्याज लागतं, म्हणून पुढचा भाव चढा. मालाची चणचण असेल तर आज हातात असलेल्या पिंपाची किंमत उद्याच्या पिंपापेक्षा जास्त, म्हणून उलटा.

शून्याच्या खालचं तळघर

आता माझी कर्मकथा. २०२० चा एप्रिल. करोनामुळे विमानं जमिनीवर, गाड्या गॅरेजमध्ये, तेलाला गिऱ्हाईक नाही. भाव पंचवीसेक डॉलरवर आला. मी घरात बसून विचार केला की तेल याहून किती पडणार? शून्याच्या खाली तर जात नाही! जग सुरू झालं की दुप्पट होईल. म्हणून लेकीच्या कॉलेजच्या पैशांतले आठ हजार डॉलर काढून तेलाच्या भावावर चालणाऱ्या एका फंडात टाकले. सौ.नं विचारलं, “अहो, हा फंड नक्की काय विकत घेतो?” मी म्हटलं, “तेल. आणखी काय?” मी धंद्यातला माणूस. तिनं मान हलवली.

फंड तेल घेत नव्हता. वायदे घेत होता.

२० एप्रिल २०२० हा दिवस तेलाच्या इतिहासात कायमचा राहील. मे महिन्याच्या डब्ल्यूटीआय वायद्याची मुदत दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, संपणार होती. मुदत संपताना ज्याच्या हातात कागद राहील त्याला खरोखरच तेल ताब्यात घ्यावं लागतं. आणि कुठे, तर ओक्लाहोमातल्या कुशिंग या गावी. इथून आठेक तासांच्या ड्राइव्हवरचं हे छोटंसं गाव, आजूबाजूला समुद्र नाही, नुसत्या पाइपलाइनी आणि टाक्या. साठवण सुमारे साडेसात कोटी पिंपांची. पण त्या दिवशी टाक्या भरत आलेल्या आणि उरलेली जागा आधीच भाड्यानं गेलेली. हजार पिंपं घेऊन ठेवायची कुठे? परसातल्या स्विमिंग पुलात? कागदवाल्यांची पळापळ सुरू झाली. दहा डॉलर, पाच, एक, शून्य, आणि मग खाली. दिवसअखेरीचा भाव, ज्याला ‘सेटलमेंट’ म्हणतात, तो लागला उणे ३७.६३ डॉलर. म्हणजे पिंपही घ्या आणि वर पैसेही घ्या.

त्याच दिवशी ब्रेंट २५ डॉलरच्या वर होतं, आणि डब्ल्यूटीआयचाच जूनचा वायदा २० डॉलरच्या वर. पहा, तेच तीन प्रश्न! कुठलं, कुठे, केव्हाचं. ‘तेल उणे सदतीस झालं’ ही बातमी फक्त एका जातीच्या, एका गावातल्या, एका महिन्याच्या कागदाला लागू होती.

तिची झळ मात्र थेट मुंबईपर्यंत पोचली. तिथल्या एमसीएक्सवरचा तेलाचा वायदा नायमेक्सच्या भावाला बांधलेला. लॉकडाउनमुळे तिथला बाजार संध्याकाळी पाचला बंद झाला, तेव्हा भाव हजार रुपयांच्या जवळपास होता. न्यूयॉर्कचा गोंधळ त्यानंतरचा. दारं बंद, विकता येईना, आणि शेवटी सौदे मिटवले गेले ते उणे २,८८४ रुपयांना. शंभर पिंपांच्या एका लॉटमागे पावणेचार लाखांहून जास्त नुकसान. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. रात्री झोपायला गेलेल्या माणसाला सकाळी आपण कर्जबाजारी झाल्याचं कळावं, असा तो प्रकार.

माझा फंड मे महिन्याच्या वायद्यातून आधीच बाहेर पडला होता, म्हणून उणे झाला नाही. पण महिनाअखेर माझ्या आठ हजारांचे निम्म्याहून कमी राहिले. म्हटलं, धीर धरू. धरला. वर्षभरानं, २०२१ च्या एप्रिलमध्ये, तेल साठ डॉलरच्या घरात होतं. दुपटीहून जास्त! मी उत्साहानं खातं उघडलं. आठ हजारांचे जेमतेम आठ हजार झाले होते.

हे कसं? कॉन्टँगो. समजा फंडाकडे शंभर डॉलर आहेत आणि जवळच्या महिन्याचा भाव २० आहे. म्हणजे पाच पिंपं. मुदत संपायच्या आत तो कागद विकून पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो, याला ‘रोल’ म्हणतात. पुढचा महिना आहे २५ ला. पाच पिंपं विकली, त्याच पैशांत चार आली. महिन्याभरानं हजर भाव खरोखरच २५ झाला, टीव्हीवर ‘तेल २५ टक्के वर’ अशी बातमी आली, पण तुमच्याकडे चार पिंपं गुणिले २५, म्हणजे तेच शंभर डॉलर. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. भाव चढत जातो आणि पिंपं आटत जातात.

यात फंडानं काही फसवलं नव्हतं. माहितीपत्रकात हे सगळं छापलेलं होतं. वाचलं नव्हतं ते मी. सौ.चा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता, “नक्की काय विकत घेतो?”

चौथा प्रश्न: धोका कोणाचा?

तुम्ही म्हणाल, आम्ही वायदे करत नाही, फंड घेत नाही, आम्हाला काय त्याचं? मंडळी, टेक्सासात राहता ना? मग तुमच्या घरात एक वायदा आहे. तुमचा विजेचा प्लॅन.

२००२ पासून राज्याच्या बहुतेक भागात वीजविक्रेता आपण निवडतो. तारा आणि खांब मात्र एकाच कंपनीचे, तिचा आकार कुठल्याही प्लॅनमध्ये द्यावाच लागतो. निवडायचं ते एवढंच: भाव ठरलेला, म्हणजे ‘फिक्स्ड’, की बदलता, म्हणजे ‘व्हेरिएबल’. आणि पूर्वी तिसराही प्रकार मिळायचा, थेट घाऊक बाजाराला बांधलेला ‘इंडेक्स’.

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबानं हा तिसरा घेतला होता. घाऊक वीज नेहमी मेगावॉट-तासाला वीस-तीस डॉलर, म्हणजे युनिटला दोन-तीन सेंट. वर महिन्याची थोडी फी. वर्षभर त्यांचं बिल आमच्यापेक्षा कमी यायचं आणि प्रत्येक भेटीत ते ऐकवायचे. मीही मोहात पडलो होतो. पण सौ. म्हणाली, “मला दर महिन्याला दर काय लागणार ते आधी कळलं पाहिजे. बाकी तुमचं इंजिनिअरिंग तुमच्यापाशी.” आम्ही फिक्स्डवर राहिलो.

मग आला फेब्रुवारी २०२१. बर्फ, वीजकेंद्रं बंद, गॅसच्या विहिरी गोठलेल्या. हेन्री हबला गॅस तेवीस डॉलरच्या वर गेला आणि ओक्लाहोमात काही सौदे हजार डॉलरच्या वर झाले (पुन्हा बेसिस!). टेक्सासच्या वीजबाजारात भाव कमाल मर्यादेला, म्हणजे मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरला, जाऊन चार दिवस तिथेच थांबला. युनिटला नऊ डॉलर! हीटर चालवून दिवसाला साठ युनिटं जळत असतील तर रोजचे ५४० डॉलर. त्या कुटुंबाच्या कार्डावरून आठवडाभरात अडीच हजारांच्या वर वजा झाले. घरात आजारी सासूबाई, हीटर बंद तरी कसा करणार? आमच्याकडे वीज गेली, आम्ही चार पांघरुणांखाली कुडकुडलो, पण बिलात युनिटचा दर तोच राहिला.

त्यांनी काही मूर्खपणा केला होता असं मला वाटत नाही. स्वस्त भावाबरोबर एक धोका त्यांच्या घरात येऊन बसला होता, आणि तो कुणी मोठ्या अक्षरांत लिहून दिला नव्हता. आमच्या प्लॅनमध्ये तो धोका विक्रेत्याकडे होता आणि त्यासाठी आम्ही दर महिन्याला थोडे जास्त मोजत होतो, आजोबांनी झोपेसाठी मोजले तसे. त्याच वर्षी विधिमंडळानं घरगुती ग्राहकांना असे इंडेक्स प्लॅन विकायला बंदी केली आणि २०२२ पासून घाऊक कमाल मर्यादा ५,००० वर आणली.

तरी फिक्स्डमध्येही बारीक अक्षरं असतात. प्लॅनबरोबर एक माहितीपत्रक येतं, त्यात ५००, १,००० आणि २,००० युनिटांना सरासरी दर किती पडतो ते दिलेलं असतं. तिन्ही आकडे वाचा. काही प्लॅनमध्ये हजार युनिट ओलांडले की मोठी सूट मिळते, आणि ९९० वापरले तर एक पैसाही नाही. जाहिरातीत फक्त हजाराचा स्वस्त आकडा दाखवतात. मुदतीआधी सोडल्यास दंड किती ते पाहा. आणि मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ती उलटली की प्लॅन गुपचूप बदलत्या दरावर जाऊ शकतो. तोही एक ‘रोल’च, आणि बहुधा महागात पडणारा.

शेवटी काकांना उत्तर

तर काका, खरा भाव कुठला? सगळेच खरे आहेत. पेपरातला एका तेलाचा, टीव्हीवरचा दुसऱ्याचा आणि पुढच्या महिन्याचा, पंपावरचा आजचा, आपल्या गल्लीतला आणि करांसकट. यापुढे भावाचा कुठलाही आकडा कानावर आला की चार बोटं मोजा: कुठलं, कुठे, केव्हाचं, आणि धोका कोणाचा. यांतल्या एकाचं जरी उत्तर मिळालं नाही तरी पाकीट खिशातच राहू द्या. फंड असो, विजेचा प्लॅन असो, नाहीतर पार्टीत कुणी कानात सांगितलेली ‘पक्की टिप’ असो.

लेक आता कॉलेजात आहे. तिला ही सगळी कथा सांगितली तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, “बाबा, म्हणजे आईला कळलं होतं?”

आईला शब्द माहीत नव्हते, पण प्रश्न माहीत होता. माझं बरोबर उलट होतं.